एक एकर, विहिरीसकट

माझा परदेशी पासपोर्ट मला नेमका कितीला पडला, ते आधी सांगतो. अर्जाची फी. परीक्षेच्या दिवशी काम बुडालं तो खाडा. समारंभासाठी शिवलेला कोट. तो पुढे दोन लग्नांत वापरला म्हणून निम्माच धरतो. शपथ घेतल्यावर नगरपालिकेने हातात एका झाडाचं रोप दिलं, ते फुकट. एवढाच खर्च झाला असं मी बारा वर्षं समजत होतो. गेल्या जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यात चार दिवस फिरून आलो आणि यादीत एक ओळ वाढली: एक एकर काळी जमीन, विहिरीसकट, बांधावरच्या चिंचेसकट.

हा ब्लॉग वाचणाऱ्या निम्म्या मंडळींच्या डोक्यात गावाकडचं छोटंसं शेतघर असतं, हे मला तुमच्या पत्रांवरून माहीत आहे. माझ्याही होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी मेलबर्नला फरशा बसवतो. महागावपासून आठ किलोमीटर आतल्या खेड्यातून निघालो तेव्हा बारावी नापास होतो. पुणे, मस्कत आणि मग इथे. आज हाताखाली अकरा माणसं आहेत. बसवलेल्या फरशीवर नाणं वाजवलं की खाली पोकळ आहे का भरीव, ते मला कानानेच कळतं. माणसाच्या बोलण्याचंही बहुधा कळतं. आणि एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगत आलोय: न वाचता मी आजवर कशावरही सही केलेली नाही. मस्कतला ठेकेदाराने अरबी करार पुढे केला, तेव्हा तो दोन दिवस खिशात घेऊन वाचून दाखवणारा माणूस शोधत फिरलो होतो.

पुढच्या वर्षी मला साठ पूर्ण होतील. विहिरीजवळ दोन खोल्या, पुढे ओसरी, वर्षातले सहा महिने तिथे, असा बेत होता. जमीन वडिलांची. ते नऊ वर्षांपूर्वी गेले, तेव्हा मी माझा हिस्सा मोठ्या भावाला, दादाला, सोडून दिला. आमच्याकडे असं हक्कसोड पत्र बहिणी करतात, सही झाली की त्यांना साडी मिळते. घरातल्या पुरुषाने सही करायची आमच्या खानदानातली ती पहिलीच वेळ. इथल्या मंडळाच्या कार्यक्रमांत मी हे बऱ्याचदा सांगितलंय, लोक माना डोलावतात. आता दादाकडून एकच एकर बाजारभावाने विकत घ्यायचा होता. फुकट काहीच नको होतं.

माझ्या ओळखीच्या एका गोऱ्या प्लंबरने थायलंडला समुद्राकाठी घर घेतलं. परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नाही, म्हणून तिथल्याच बायकोच्या नावावर घेतलं. आता तो तिथे भाड्याच्या खोलीत राहतो. मी त्याला तोंडावर हसलो होतो. परक्या मुलखात कशाला जायचं, म्हटलं. आपलं आपल्या गावात बरं.

पहिला दिवस. मुंबईहून सकाळच्या विमानाने नागपूर. तिथून चार दिवसांसाठी गाडी ठरवली, दिवसाला चार हजार, डिझेलसकट. ड्रायव्हर सलीमभाई यवतमाळचे, पन्नाशीचे. स्वतःचं गॅरेज मुलाच्या ताब्यात देऊन गाडी चालवतात. वर्धा, यवतमाळ, आर्णी हा रस्ता आता इतका गुळगुळीत झालाय की जुन्या एसटीतल्या हाडं खिळखिळी होण्याच्या आठवणी सांगायला लाज वाटावी. दुतर्फा कापूस शेवटच्या वेचणीला आलेला, तुरी पिवळ्या पडत चाललेल्या. यवतमाळच्या पुढे एका धाब्यावर ज्वारीची भाकर आणि तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी खाल्ली. दोघांचे तीनशे चाळीस झाले. जानेवारीत गेलात तर हीच भाजी मागा, पनीर मागू नका.

मुक्काम पुसदला. थेट गावी न जाता आधी पुसदच्या वकिलाचं मत घ्यायचं, हा माझा हुशारीचा बेत. लॉजची खोली बाराशे, गरम पाणी सकाळी सहा ते आठ. मॅनेजरशी मी अस्सल वऱ्हाडीत दहा मिनिटं गप्पा मारल्या, त्याच्या मामाचं गाव निघालं माझ्या मावशीच्या गावाशेजारचं. मग त्याने ओळखपत्र मागितलं. पासपोर्ट पाहिला, टेबलाच्या खालच्या खणातून वेगळा फॉर्म काढला आणि म्हणाला, "काका, हा फॉरेनरवाला भरा लागते."

"मी काहून फॉरेनर? महागावचा हाय ना मी."

"ते मले दिसून राह्यलं काका. पण कागदाले नाही दिसत."

भरला. भारतात येण्याचं कारण या रकान्यात मी लिहिलं: घर.

दुसरा दिवस. वकीलसाहेब अकराला भेटले. खुर्चीत टेकायच्या आतच त्यांनी विचारलं, पासपोर्ट कुठला. सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मी उठेपर्यंत परत घातला नाही. त्यांचं म्हणणं तुमच्याही कामाचं आहे, म्हणून थोडक्यात देतो. मूळचा भारतीय आणि आता परदेशी नागरिक झालेला माणूस इथे घर घेऊ शकतो, दुकान घेऊ शकतो, पुसदला हवे तेवढे फ्लॅट घेऊ शकतो. शेतजमीन मात्र नाही. शेतघर नाही. विकत नाही आणि सख्ख्या भावाने बक्षीस दिली तरी नाही. तुमच्या कागदांसाठी तुमचा वकील गाठा, नियम बदलत असतात.

मी म्हटलं, पण ती माझ्या बापाचीच जमीन आहे.

"वारसाने आली असती तर तुमचीच राहिली असती," ते म्हणाले. "परदेशी असा नाहीतर कुठलेही असा. वडील गेले त्या दिवशी तुमचा हिस्सा झालाच होता. तो तुम्ही सोडला."

एक वाट होती. दादाने तेवढा एकर आधी स्वतः बिनशेती करून घ्यायचा, मग मला घरासाठी प्लॉट म्हणून विकायचा. पण ते सगळं दादाच्या मर्जीवर.

महागावच्या रस्त्याला लागलो तेव्हा सलीमभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यांची चार एकर शेती आहे, सातबारा आहे. "साहेब, बुरा मत मानना, पण माझ्या नावावर घ्या ना. घर तुम्ही बांधा, राहा आरामात. अन् मी मेलो तं पोरं कुठे तुम्हाले हाकलून देणार हायेत?" त्यांच्या मनात काही नव्हतं, हे कानाला कळत होतं. मला मात्र तो प्लंबर आठवला. नको म्हटलं.

घरी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. दादा अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे. वर न पाहता त्याने विचारलं, "वकिलाइथे चहा तरी भेटला काय?"

पुसदची बातमी गाडीच्या आधी पोचली होती. तुम्हाला सांगतो, भावाकडे काम असेल तर आधी भावाकडे जा. वहिनीने पाणी आणलं, जेवायला वाढलं, आग्रह केला. दादा शेंगा सोलत राहिला. पाच वर्षांनी भेटत होतो.

तिसरा दिवस. सकाळी दोघे शेतावर गेलो. चिंच जागेवर आहे. विहिरीचं पाणी वरून दिसतं. आणि विहिरीच्या चारही बाजूंनी पुतण्याने लावलेली हळद, पानं वाळायला लागलेली, सऱ्यांमधून ठिबकच्या काळ्या नळ्या गेलेल्या. मी मनात जिथे ओसरी काढली होती तिथे पंप बसवलेला होता.

मी एक एकराचं बोललो. बिनशेतीचं बोललो, सगळा खर्च माझा असंही म्हटलं. दादाने पूर्ण ऐकून घेतलं.

"पैशाचं नाही रे सुध्या. विहिरीजवळचंच घेतलं तं विहीर कोणाची? पोराने कर्ज न काढता उभं केलं हे. त्याले काय सांगू, काका सहा महिने येते म्हणून पाणी तोड?"

मी पंपाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "राह्य ना. माडीवरची खोली रिकामी हाय. सहा महिने राह्य, वर्ष राह्य. मालकी काहून पाह्यजे?"

पाहुणा म्हणून राहू का, असं मी विचारलं. जरा तिरकसच विचारलं. त्यावर तो थांबला आणि चिंचेकडे बोट करून म्हणाला, "याच एकराचं तुले विचारलं होतं तवा. दोन कागद धाडलते. तू एकच वापस केला."

मी कान दिला. मला पोकळ वाटलं. नऊ वर्षांत हे कधी बोलला नव्हता आणि आज मी मागायला आलो तेव्हाच बरोबर दोन कागद निघाले.

"एकच कागद होता, दादा. मी वाचल्याशिवाय सही करत नाही, तुले माहीत हाय." आणि पुढे जे बोललो ते इथे लिहितो, कारण ते बोललो. "जमीन घेतली तं घेतली, वरून खोटं कायले बोलतो?"

दादाने वाकून ठिबकची एक नळी सरळ केली, मग दुसरी. ती आधीच सरळ होती. "ऊन वाढून राह्यलं," म्हणाला, "जाय तू घरी."

त्या दिवशी जेवताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. वहिनीचं वांग्याचं भरीत पूर्वीसारखंच होतं, एवढं सांगतो.

चौथा दिवस. निघताना वहिनीने कपाळाला कुंकू लावलं, नारळ दिला, टॉवेल-टोपी दिली. दादा शेतावर गेला होता. परत यायचा रस्ता मी मुद्दाम नेर-अमरावतीकडून धरला, कारण नेरला ताई राहते, आमच्या दोघांमधली बहीण. लांब पडतं, पण मला कोणाजवळ तरी दादाची तक्रार करायची होती. नेरच्या बसस्टँडसमोर गरम आलूबोंडे मिळतात. ते घेऊन तिच्याकडे गेलो.

तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मी सही केली तं मले हिरवी साडी भेटली. तुले काय भेटलं?"

"टॉवेल-टोपी."

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसणं थांबलं. "सही करायच्या आधी मी तुले फोन केलता, सुधा. जीव होत नव्हता माझा. तू म्हणाला, मी केली ना ताई, तू बी कर, मन मोठं ठेव. अन् आता तू बाजारभाव घेऊन आला."

मला तो फोन आठवत नव्हता. तिने सांगितल्यावर आठवला. त्या वेळी मी गाडी चालवत होतो.

दोन कागदांचं तिला माहीत नव्हतं. बाईला कोण कागद दाखवतं, म्हणाली. पण दाराशी सोडायला आली तेव्हा एवढं बोलली, "दादा कंजूस हाय. हट्टी हाय. खोटं बोलताना मी त्याले नाही पाह्यलं."

नागपूरला रात्री विमान होतं. सलीमभाईंनी ठरल्यापेक्षा एक पैसा जास्त घेतला नाही, उलट नारळ सांभाळून न्या म्हणाले. तो नारळ इथल्या विमानतळावर काढून घेतला. फळं-बियाणं आत येऊ देत नाहीत. टॉवेल-टोपी येऊ दिली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय झालं जमिनीचं. मी तिला नियम सांगितले आणि मग दादाचं सांगितलं. तिला पटेना. भाऊजी असं करतील वाटत नाही, म्हणाली. म्हणून मी फाइल काढली. माझ्याकडे प्रत्येक कागदाची फाइल असते. हक्कसोडीचं पाकीटही होतं, नागपूरच्या शिक्क्यासकट. एकच कागद आला होता, हे मला तिला दाखवायचं होतं.

तो दिवस मला चांगला आठवतो. एका बंगल्यात न्हाणीघराचं काम अर्धं टाकून वकिलातीत गेलो होतो. खिडकी बाराला बंद व्हायची. हाताला सिमेंट तसंच होतं. सगळ्यात वरचा कागद काढला, खिडकीवर सही केली, शिक्का घेतला, झेरॉक्स मारली आणि तिथूनच पोस्टात टाकला.

पाकिटात वर ती झेरॉक्स होती. तिच्या खाली टाचणीने जोडलेले आणखी दोन कागद. एक दादाच्या हातची चार ओळींची चिठ्ठी: सगळं सोडायचं असेल तर पहिल्यावर सही कर, विहिरीजवळचा एक एकर तुझ्या नावाने ठेवायचा असेल तर दुसऱ्यावर, माझं म्हणशील तर दुसऱ्यावर कर. आणि दुसरा कागद. त्याच्या घड्या उलगडलेल्याच नव्हत्या. टाचणी गंजून कागदाला तिचा डाग पडला होता.

सही कुठे करायची ते मला कळावं म्हणून दादाने खाली पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. फुलीपुढची जागा कोरी आहे.