चपलांचा आवाज

"मुकादम, पाय ठेवायचा. टाकायचा न्हाय." शेजारच्या आक्का हे मागे वळूनही न बघता म्हणायच्या.

नारपोलीतल्या आमच्या चाळीची गॅलरी ही त्यांची चंक्रमणाची, म्हणजे चालत्या ध्यानाची जागा. बुद्धविहारातल्या शिबिरात भन्तेजींनी शिकवलेलं. सावकाश चालायचं; टाच उचलली, पाय पुढे गेला, टेकला, लक्ष तेवढ्यावरच. टोकाला थांबायचं, मग वळायचं. रोज संध्याकाळी ओल्या साड्यांखालून वाकत, मांजराला वाट देत त्या चालायच्या. चहूकडे लूमचा, यंत्रमागांचा खडखडाट.

"एवढ्या आवाजात मन शांत कसं होतं?" मी एकदा विचारलं.

"लूम बंद व्हायची वाट बघितली तर मेल्यावरच चालाय मिळंल."

वरच्या खोलीतला कारागीर विचारायचा, "चाची, कुछ खो गया क्या?"

"हां बेटा, पैर ढूँढ रही हूँ."

तुमच्याही शेजारात असं कुणी असेल. आपण हसतो आणि पुढे जातो. मीही हसायचो.

आता माझं सांगतो. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी कारखान्यात मुकादम. लूमच्या रांगांमधून फिरायचं, तुटलेली सुताची तार शोधायची, ओरडायचं. घरातही मी तसाच फिरायचो. नळ टपकतोय, दिवा उगाच जळतोय, वही उघडी पडलीय. आणि पोरीवर हात उचलायचो. जिन्यात माझ्या चपला वाजल्या की ती टीव्ही बंद करायची. मला वाटायचं, शिस्त लागली.

भिंत पातळ. आक्कांना सगळं ऐकू जायचं. एकदा पोरीला मारून मी धुमसत बसलो होतो, तर त्या दारात उभ्या. वाटलं, आता झाडणार.

"गुडघा दुखतोय माझा. सोबत चाल जरा."

ओरडल्या असत्या तर मी दार लावून घेतलं असतं. गुडघ्याला नाही कसं म्हणणार?

थोडं चाललो आणि त्या थांबल्या. "काय शोधतोस?"

"कुठं काय?"

"नजर बघ तुझी. फरशीतबी चुका शोधतोस."

रोज जायला लागलो. मन सारखं कारखान्यात पळायचं. एकदा त्या म्हणाल्या, "पळालं? परत आण. मारून न्हाय. हाताला धरून."

त्या दिवशी मी टोकाला थांबलो तो बराच वेळ वळलोच नाही. आक्कांनी घाई केली नाही.

मारणारा हात थांबला. पोरीची माफी खूप उशिरा मागितली. ती फक्त "हं" म्हणाली. टीव्ही मात्र बंद होतच राहिला. मग मी शक्कल काढली. चपला हातात घेऊन जिना चढलो. आत पोरगी हसत होती. किती बरं वाटलं!

आक्कांनी गॅलरीतून पाहिलं. "चोरावानी शिरतोस व्हय? जा खाली. घालून ये. ऐकू येऊ दे तिला."

गेलो, घालून आलो. टीव्ही बंद.

"येळ लागंल," आक्का म्हणाल्या. "तू चालत ऱ्हा."

गेल्या हिवाळ्यात आक्का गेल्या. पुण्यानुमोदनाच्या विधीला गॅलरीत उभं राहायला जागा नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी कामावरून आलो. जिन्यात चपला नेहमीसारख्या वाजल्या. दारात पोचलो तरी टीव्ही चालूच. मी तिथेच खिळलो.

"पप्पा, बाजूला व्हा ना," पोरगी म्हणाली. "दिसत नाही मला."

बाजूला झालो आणि आक्कांना सांगायला तसाच शेजारी गेलो. दाराला कुलूप.

त्यांच्या उंबऱ्यापाशी चपला काढल्या. गॅलरीच्या त्या टोकापर्यंत गेलो, पाय ठेवत ठेवत.