अण्णाच्या बॅनरवरचं इंग्रजी

आमचा अण्णा वारला, तेव्हा त्याच्याबद्दल खोटं बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात इंग्रजी मलाच येतं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी नांदेडला कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. तो अहमदपुरात काहीच न करता निवृत्त झाला. माणूस लाख, पण कष्टाशी त्याचं कधी जमलं नाही. घरात कपाट हलवायचं असलं की चौघं वाकायची आणि अण्णा पाचवा. तो कपाटाला हात लावायचा. फक्त लावायचा. आणि म्हणायचा, "हां, चला." कपाट जागेवर गेलं की सगळ्यांत आधी टेकायचा तोच, आणि चहाही तोच मागायचा. शेत बटईनं दिलेलं. घर वहिनींच्या शिलाई मशीनवर चाललं. शेवटी शेवटी त्याला दम लागायला लागला, तेव्हा गावाला वाटलं, हे नवीन निमित्त दिसतंय.

तेराव्याच्या आधी पुतण्याचा, संतोषचा, फोन आला. स्टँडजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. चौकात वडिलांचं श्रद्धांजलीचं बॅनर लावायचं होतं.

"काका, फोटोखाली एक शब्द इंग्रजीत पायजे. कष्टाचा."

"इंग्रजीत कशाला?"

"मराठीतले समदे संपलेत."

ते खरं होतं. एका कंत्राटदाराच्या वडिलांनी 'कर्मयोगी' घेतलं होतं, एका सावकाराला 'कष्टकऱ्यांचा कैवारी' लागलं होतं, आणि 'संघर्षयोद्धे' तर एकाच खांबावर वर-खाली दोन होते. (त्यांतल्या एकाचा संघर्ष सख्ख्या भावाशी, बांधावरून.) मी म्हणालो, नुसतं 'भावपूर्ण श्रद्धांजली' पुरे की.

"काका, माझ्या बापाला गावानं जित्तेपणी रिकामटेकडा म्हणलं. मेल्यावर एक दिवस तरी म्हणू नये. एवढंच हाय."

त्याच रात्री नांदेडला शब्द शोधायला घेतले. इंग्रजीत कष्टाला शब्द उदंड. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांकडून कष्ट करून घेतले, त्यांच्या भाषेत हे व्हायचंच. पण खोटा शब्द अण्णाच्या फोटोखाली घालवेना. म्हणून मास्तरकीच्या सवयीनं एकेक शब्द, त्याचा अर्थ, आणि तो अण्णाला बसतो की नाही, असं सगळं लिहून संतोषला मोबाईलवर पाठवलं. म्हटलं, वाचून ठरवील.

घरात पाहुणे भरलेले. संतोषनं वरचा इंग्रजी शब्द तेवढा पाहिला आणि सगळा मजकूर तसाच फ्लेक्सवाल्याकडे ढकलला. फ्लेक्सवाला तत्त्वाचा माणूस. गिऱ्हाइकाच्या मजकुराला हात लावत नाही. त्यानं छापण्याआधी नमुना पाठवला, संतोषनं त्यात बापाचा फोटो पाहिला, डोळे पुसले आणि 'ओके' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एसटीनं अहमदपूरच्या स्टँडवर उतरलो तर चौकात गर्दी. वाटलं, अण्णाची बरीच किंमत होती म्हणायची! जवळ गेलो. फोटोतला अण्णा हसत होता, आणि त्याच्याखाली, रिक्षातूनही वाचता येईल अशा अक्षरांत, हे होतं:

'स्ट्रगल – म्हणजे झगडणे. अण्णा कुणाशीच झगडला नाही. समोरचाच दमून निघून जायचा.

टॉइल – म्हणजे घाम गाळून राबणे. हा अजिबात नको. लोक हसतील.

लेबर – म्हणजे अंगमेहनत. तुझ्या आत्याच्या लग्नात त्यानं मांडवाचा खांब धरला होता, पण तो आधीच पुरलेला होता.

एन्डेव्हर – म्हणजे नेटानं प्रयत्न करणे. हा फक्त दुपारच्या चहाच्या बाबतीत लागू.

डिफिकल्टी – म्हणजे साधी गोष्टसुद्धा जड जाणे. गेल्या दिवाळीत मला सोडायला अण्णा स्टँडपर्यंत चालत आला. दिसेल त्या ओट्यावर टेकत आला. नको म्हणालो तरी ऐकलं नाही. बस हलेपर्यंत उभा होता. याला कष्टच म्हणायचं, पण इंग्रजी शब्द मला सापडत नाही. बाकी तू बघ. मी पोचतोच. – काका.'

मयताच्या फोटोखाली 'मी पोचतोच'! गर्दीतला एक रिक्षावाला मला ओळखत होता. तो हळूच म्हणाला, "काका, एवढी घाई करू नका."

इंग्रजी कुणालाच वाचायचं नव्हतं. मराठी मात्र सगळ्यांनी वाचलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवण्यात आलं. तेवढ्यात एक पुढारी गाडीतून उतरले. बॅनरकडे पाठ करून, हात जोडून सुरू झाले, की अण्णांचं आयुष्य म्हणजे एक अखंड संघर्ष. मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, पैली ओळ वाचा." साहेबांनी वळून वाचली, बराच वेळ वाचली, आणि पुढच्या तेराव्याला निघून गेले.

संतोष कात्री घेऊन आला होता. माझ्याकडं बघेना. जन्मभर गाव पारावर बसून कुजबुजत होतं, तेच मी त्याच्या बापाच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत टांगलं होतं. मी म्हणालो, काढू या, आणि आधी वहिनींना सांगू या. त्यांच्या कानावर बातमी आमच्याआधी गेली होती.

"वाचून दाखवा भावजी," वहिनी म्हणाल्या.

मी टाळायचा प्रयत्न केला. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. शेवटी मोबाईल काढून वाचलं. आयुष्यात इतक्या हळू आवाजात मी कधी शिकवलं नसेल. मांडवाच्या खांबाला त्यांनी पदर तोंडाला लावला. चहाला खांदे हलले. हसताहेत की रडताहेत ते कळेना, आणि वर बघायची माझी छाती नव्हती. शेवटची ओळ झाली.

"ते स्टँडचं पुन्यांदा वाचा."

वाचलं.

"त्या दिवशी घरी येऊन आडवे झाले ते उठलेच न्हाईत दोन दिस. मी लई बोलले, कशाला गेलाव म्हणून. तर म्हणले, बारकं एकटंच बसलं असतं की स्टँडवर."

बारकं म्हणजे मी. पेन्शन घेणारा.

संतोष दारात कात्री घेऊन उभा होता. त्याला म्हणाल्या, "ठिव ती. ऱ्हाऊ दे बॅनर. ह्यात ते वळखू तरी येतेत. बाकीच्यात कोण मेलं तेच कळत न्हाई."

संतोषनं कात्री मशीनवर ठेवली. मग भिंतीकडं तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

तेरावं झालं. निघालो तेव्हा संतोष स्टँडवर सोडायला आला. त्याला म्हणालो, जा, दुकान उघड. तो गेला नाही. मी खिडकीत बसलो. ओट्यांकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि घरापासून स्टँडपर्यंत तेवढेच पाहत आलो होतो. तीस-पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण गावानं माझं वाचलं ते एवढंच, आणि तेही मराठीत.

गाडी सुरू होईना. कंडक्टर म्हणाला, उतरा, धक्का द्यावा लागतोय. सगळे उतरले. संतोषनं बाह्या सरसावून खांदा लावला. मीही मागं गेलो आणि हात लावला. फक्त लावला.

"हां, चला," म्हणालो.

संतोषनं माझ्या हाताकडं पाहिलं. तेरा दिवसांत तो पहिल्यांदा हसला. गाडी निघाली, आणि सगळ्यांत जास्त दम लागला होता तो मला.