तिसरा चिंचोका

महानंदाचा दिवस पहाटे चारला सुरू होई. पाच घरांत न्हाणी एकच. चारला उठलं नाही तर रांगेतच सात वाजत, आणि यशवंतपूरच्या आमच्या पंप-कारखान्याचं फाटक साडेसातला बंद होई. दोन खोल्या तिच्या स्वतःच्या होत्या. आणखी दीड वर्षाच्या पगारात मागे न्हाणी उभी राहणार होती.

ती निपाणीकडची. मी कारखान्यात ट्रकवर माल चढवायचो. तिचं काम स्टोअरमधून सुट्या भागांचे क्रेट ढकलगाडीने जोडणीच्या लाइनवर नेण्याचं. दिवसाला साठ खेपा. दर खेपेला ती कमरेच्या एका पिशवीतला चिंचोका दुसरीत टाकी. मोजणी कधी चुकली नाही.

तीन वर्षांपूर्वी पुण्याची शिवानी कामाचा नकाशा काढायला आली. पेट्री नेट म्हणतात त्याला. गोल म्हणजे वस्तू थांबते ती जागा, रेघ म्हणजे काम, ठिपका म्हणजे वस्तू. आधीच्या सगळ्या गोलांत ठिपका असेल तरच रेघ चालते. शिवानीने नियमांच्या वहीवरून नकाशा काढला. त्यात महानंदा नव्हती.

साहेब म्हणाले, "क्रेट लाइनवालेच नेतील. हिला महिनाअखेर मोकळं करू."

जेवणाच्या सुट्टीत महानंदा त्या कागदाशी गेली. ठिपका म्हणून एक चिंचोका 'स्टोअर, भरलेला क्रेट' या गोलात ठेवला, दुसरा 'लाइन, रिकामा क्रेट' या गोलात.

"पोरी, चालव आता."

"खेळतेस काय अक्का?" मी म्हणालो.

"तू पोती मोज, अण्णा."

शिवानी म्हणाली, "रिकामा परत आला तरच स्टोअर भरलेला देणार."

"आणि लाइन रिकामा कधी सोडणार?"

"भरलेला आल्यावरच..." शिवानीने दोन्ही चिंचोक्यांवर बोट ठेवलं. "म्हणजे दोन्ही एकमेकांसाठी अडलेले. मावशी, मग रोज चालतं कसं?"

महानंदाने तिसरा चिंचोका स्टोअरच्या गोलाशेजारी कोऱ्या जागेत ठेवला. "जिन्याखाली तीन रिकामे क्रेट आहेत माझे. आधी त्यातला एक स्टोअरला देते, मग लाइनवरचा रिकामा जिन्याखाली ठेवते. एकोणीस वर्षं झाली."

ते तीन क्रेट शिवानीच्या भंगाराच्या यादीत होते. तिने यादी फाडली. नकाशात नवा गोल काढला, आत तीन ठिपके.

"क्रेट ठेवू. बाई कशाला?" साहेबांनी विचारलं.

"साठ खेपा आहेत, सर. लाइनवाला गेला की जोडणी थांबते. या रेघेला वेगळा माणूस लागतो."

साहेबांनी दोन दिवस लाइनवाल्यांना पाठवून पाहिलं. दोन्ही दिवस जोडणी अडली. तिसऱ्या दिवशी महानंदाची गाडी महानंदाकडे आली.

दीड वर्षाने न्हाणी झाली. चार फूट बाय सहा, पांढरी फरशी, दाराला आतून कडी. महानंदा आता सहाला उठते.