अजुमाने गायलेलं मर्तिकाचं गाणं

इदोमा लोकांच्या मुलखात, ओतुक्पो शहराजवळच्या एका गावात कुणी गेलं की अजुमाला बोलावणं यायचंच. घराघराच्या पूर्वजांची नावं तिला तोंडपाठ. ती गायला लागली की वाटेने जाणारेही डोळे पुसत थांबत.

पुढे तिने बाप्तिस्मा घेतला. पास्टर अदाकोले म्हणाले, पूर्वजांची गाणी आता बंद. गावातले वडीलधारेही फिरले. अलेक्वूच्या, म्हणजे पितरांच्या, नैवेद्याचं कोंबडं जी खात नाही तिच्या तोंडी आमच्या वाडवडिलांची नावं नकोत, असं त्यांनी ठणकावलं. बारा वर्षं अजुमा कुठल्याच मर्तिकात गायली नाही.

मग म्हातारा इक्वुए वारला. मुलगा ओगबोले चर्चचा. त्याला प्रार्थना हवी होती. म्हाताऱ्याचा भाऊ एजेंबी म्हणे, पितरांना न कळवता पुरलं तर त्याला वाट कोण दाखवणार? दोन दिवस प्रेत घरात पडून. शेवटी इक्वुएची बायकोच अजुमाच्या दारात आली.

"भांडायला सगळे आहेत गं," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्यासाठी रडायला कुणी नाही."

कांडायला घेतलेलं सुरण उखळीतच टाकून अजुमा निघाली.

"आली का पाद्र्याची बाई?" एजेंबीने अंगणातच टोमणा मारला.

"काका, ओवोइचो कुणाचा? तुमचा की पास्टरांचा?"

"देव सगळ्यांचाच. तुमचे पाद्री यायच्या आधीपासून आहे तो."

"मग त्याच्याच नावाने सुरू करते."

प्रेताशेजारी चटईवर बसून तिने आवाज लावला. आधी ओवोइचो, मग इक्वुएचा बाप, आजा, पणजा. कुणी रान तोडून शेत केलं, कुणी दुष्काळात शेजाऱ्यांना जगवलं, सगळं आलं. बायकांनी धृपद उचललं. ओगबोले लहान मुलासारखा रडला. पास्टर तिला थांबवायलाच आले होते. पण त्या नावांत त्यांच्या आईच्या आजोबांचं नाव आलं आणि ते जागीच थबकले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "ते नाव पुन्हा घे, ताई."

दुपारी एजेंबीने उंबऱ्यावर ताडी शिंपडून पितरांना कळवलं, दोन्हीकडची माणसं एकाच ढोलामागे चालली, आणि पास्टरांनी खड्ड्याशी प्रार्थना केली.

रविवारी तोच ढोल चर्चमध्ये गेला. ख्रिस्ताची स्तुती पहिल्यांदाच इदोमा चालीवर घुमली आणि लोक बाकं सरकवून नाचले. अजुमा घसा फुटेस्तोवर गात होती. बाहेर पायरीवर बसलेला एजेंबी मात्र कुरकुरत होता, ढोलवाल्याचा हात जरा संथच पडतोय म्हणून.