लसूणचाचा आणि तीन नंबरची टाकी

"खोटं बोलू नका, चाचा! पाण्याला लसणीचा वास मारतोय. माझं नाक काय गहाण पडलंय?"

"मारणारच की साहेब! दाण्याला लसूण चोळतो मी, अत्तर नाही चोळत!"

"दाण्याची लसूण माशाच्या पोटात जाते. ही पाण्यात आहे. पाण्यात कोणी टाकली?"

खैरुद्दीन मॅनेजरसाहेबांच्या मागोमाग टाकीच्या कडेवर वाकला. समोर तीन नंबरच्या टाकीत तिलापिया उताणे तरंगत होते. काल संध्याकाळी त्याच्या हाताला ढुशा देऊन दाणा मागत होते तेच मासे. सगळी टाकी पांढऱ्या पोटांनी भरली होती.

शारजाहून आत, धैदच्या रस्त्याला, भर वाळूत पत्र्याच्या शेडखाली हा मासे वाढवायचा फार्म. दाभोळच्या खाडीकाठचा खैरुद्दीन आधी शारजाच्या गॅरेजांत सायलेन्सर जोडायचा. इथे आला तेव्हा मासा जरा मलूल दिसला की औषधाचे डबे फुटायचे. यानं लसूण कुटून, तेलाचा हात लावून, दाण्यावर चोळायला घेतली. दाणा सावलीत वाळवायचा आणि मग टाकायचा. मासे त्या वासावर तुटून पडू लागले, आजारपणं कमी झाली. मॅनेजर शैलेंद्र पुण्याचा, मत्स्यशास्त्र शिकलेला. त्यानं आधी एका टाकीत नीट पारखून घेतलं, मगच मालकाला आणून दाखवलं. तेव्हापासून मल्याळी, बंगाली, सगळी कामगार पोरं खैरुद्दीनला लसूणचाचा म्हणत, आणि चाचा छाती काढून चालत. लसूण मात्र सोलायची त्याची बायको हव्वाबी, अजमानच्या खोलीत, टीव्हीसमोर बसून.

शैलेंद्र फिल्टरच्या पिंपावर वाकला. आत हात घालून त्यानं एक दोरी ओढली. दोरीला लटकत, पाणी गाळत, लसणीनं भरलेली उशीएवढी पुरचुंडी वर आली.

"या अल्ला!" खैरुद्दीन दोन पावलं मागे सरला.

"आतल्या या चकत्यांवर जिवंत जीवाणू असतात, चाचा. माशांच्या घाणीचं विष तेच संपवतात. लसणीनं त्यांनाच मारलं. मग विष जाणार कुठे? दाण्यात औषध, इथे जहर! किती वेळा सांगितलं होतं मी?"

सांगितलं होतं. खैरुद्दीनला पाठ होतं ते. घरी बोलायचं मात्र त्याला कधी सुचलं नव्हतं.

त्याची नजर कापडावर खिळली. पांढरी मलमल, तिच्यावर जांभळी बुट्टी. हव्वाबीची ओढणी.

पोर सर्दीनं घुसमटलं की पाळण्याला लसणीची पुरचुंडी, हा तिचा उपाय. पोटच्या हम्मादला बांधली, फिझाला बांधली. आणि गुरुवारी रात्री जेवताना तो स्वतःच म्हणाला होता, "तीन नंबरची काही पिल्लं मलूल हायत गं, श्वास जड घेतात." दुसऱ्या दिवशी जुम्म्याला सगळे पुरुष नमाजाला गेले होते, तेव्हा ती सांदणांचा डबा घेऊन फार्मवर आली होती.

"कोणी बांधली ही? बाहेरचं कोणी शिरलं असेल तर नाव सांगा. मालक निघालेत. तुम्ही असाल तर खलास, मी वाचवू शकणार नाही."

"मीच."

"तुम्ही?" शैलेंद्रनं पुरचुंडी खाली ठेवली. "लसूणचाचा, तुम्ही?"

मालकानं हिशेब हातात ठेवला, आणि दुपारी अजमानच्या खोलीचं दार हव्वाबीनं उघडलं.

"अवो, आज एवढ्या लवकर? बसा, चाय ठेवते. चेहरा बघा कसा झालाय, उन्हात उभे होते काय?" तो खुर्चीवर टेकला. ती ओट्याशी वळली, पण तिला राहवेना. "रागावणार नसाल तर एक सांगू? तुमच्या पिल्लांसाठी मी गुपचूप एक काम केलंय."

खैरुद्दीनचे हात गुडघ्यांवर तसेच राहिले.

"जुम्म्याला तुम्ही नमाजाला गेलात ना, तेव्हा बांधून आले. पिंपात पाणी गरगर फिरतं ना, तिथंच. म्हटलं वास सगळीकडं जाईल. हम्मादला बांधायची तशीच, पण मोठी. एवढी टाकी, चिमूटभर लसणीनं काय होतंय! रात्रभर सोलत बसले होते." तिनं हसत बोटं पुढं केली, नखांच्या कडा सोलून लाल झाल्या होत्या. "आता सांगा बघू. उतरली ना सर्दी? लागली ना खेळायला पिल्लं?"

तो उठला. दाराशी काढलेल्या चपला त्यानं पुन्हा पायांत सरकवल्या.

"अवो, चाय उकळली! कुठं चाललात? बरी झाली ना मासळी? अवो!"

जिन्यावरून चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला.