दुर्गाबाईंचा दहा दिवसांचा मोरावळा

वडीगोद्रीच्या दुर्गाबाईंना कुणी कधी चालताना पाहिलेलं नाही. त्या पळतात. दळण टाकायला पळतात आणि गिरणी सुरू व्हायच्या आत "झालं का?" म्हणून दोनदा येऊन जातात. एसटी यायच्या तासभर आधी फाट्यावर उभ्या, आणि उतरायचं गाव यायच्या दोन गावं आधी दाराशी उभ्या. भाताचं झाकण इतक्यांदा उचलून बघतात की त्यांच्या घरी भात शिजतो तो केवळ स्वतःच्या चिकाटीवर. स्वतःच्या लग्नात तर मंगलाष्टकं संपायच्या आतच त्यांनी नवऱ्याच्या गळ्यात हार घातला, आणि उरलेली दोन भटजींनी खाली मान घालून म्हटली, असं गाव सांगतं. दुर्गाबाई ते नाकारत नाहीत. "पुढं काय येगळं होणार होतं का?" एवढंच विचारतात.

अशा बाईच्या घरी मार्गशीर्षात सून आली. वाटूरची मोनाली, बी.एस्सी. झालेली, दहा शब्दांत अख्खा दिवस भागवणारी. दुर्गाबाईंना मुलगी नव्हती, एकटाच मुलगा, भारत. पंचवीस वर्षं साठवलेली सगळी हौस त्यांनी पहिल्या आठ दिवसांत त्या पोरीवर ओतली. उठल्या उठल्या उशाशी चहा, चहा संपतो न संपतो तोच शिरा, शिरा गिळला की डोक्याला तेल. आठ दिवसांत सहा साड्या. मोनाली न्हाणीत गेली तरी दाराबाहेरून सरबत्ती सुरूच: "पाणी गरम हाय का गं? साबण घावला का? अजून एक घागर आणू का?" शेजारणींना बोलावून सून दाखवायची ती वेगळीच. आठवडाभरात पोरगी दहा शब्दांवरून चारावर आली. मग एका सकाळी हळूच म्हणाली, "मामी, चार दिवस माहेरी जाऊन येते." सासूला मामी म्हणायची त्या घरची रीत.

चाराचे तेवीस दिवस झाले. फोन केला की "येते हो" म्हणायची आणि ठेवून द्यायची. भारत दर रविवारी वाटूरला जायचा, सासुरवाडीचं पोटभर जेवायचा आणि एकटाच परत यायचा.

"आई, तिला जरा मोकळं सोड," तो एकदा म्हणाला.

"बांधलं कुणी व्हतं तिला?" दुर्गाबाई कडाडल्या आणि मागल्या दारी जाऊन डोळे पुसून आल्या.

संक्रांत दहा दिवसांवर आली होती, सुनेची पहिली. काळी साडी घरात आली होती, हलव्याचे दागिने आले होते, चाळीस बायकांना हळदीकुंकवाचं आवतण देऊन झालं होतं, आणि जिच्यासाठी हा सगळा थाट ती तेवढी वाटूरला होती. गाव काय म्हणेल, ही एक काळजी. ती आता येणारच नाही, ही दुसरी. आणि ही काळजी मात्र दुर्गाबाई कुणाजवळ बोलत नव्हत्या.

हळदीकुंकवाला वाण म्हणून त्यांनी मोरावळ्याची एकेक बरणी द्यायचं ठरवलं. बांधावरच्या झाडाचे बारा किलो टपोरे आवळे उतरवले. थोरल्या जाऊबाई झुंबरबाई ओसरीवर बसून म्हणाल्या, "दुर्गे, मोरावळ्याला आठ दिस लागतेत. पातळ पाकापासून रोज थोडं थोडं चढवत न्यावं लागतंय."

"शेवटी पाक घट्टच करायचा ना? मंग पहिल्यांदाच घट्ट करते. आजच्या आज काम खलास!"

आवळे टोचले, उकडले आणि गोळीबंद पाकाच्या पातेल्यात धडाधड लोटले. संध्याकाळी झाकण काढलं आणि दुर्गाबाई आयुष्यात पहिल्यांदा जागच्या जागी उभ्या राहिल्या. आवळे सुरकुतून सुपारीएवढे झाले होते आणि दाताखाली नुसते चामट लागत होते. पाक मात्र पातळ झाला होता!

"कुणी पाणी वतलं यात?" त्यांनी जाऊबाईंकडे संशयाने पाहिलं. झुंबरबाईंनी पदर तोंडात कोंबला. हसू काही कोंबलं गेलं नाही.

रडावं की हसावं कळेना. पण दुसऱ्याच क्षणी दुर्गाबाईंच्या मनात आलं, फोन करायला कारण तर सापडलं! लगेच वाटूरला फोन लागला.

"मोनाली, तू शिकेल हायस. सांग बरं, आवळ्यानं असं कामून केलं?"

मग ती पोरगी, दहा शब्दांची पोरगी, जी सुटली ती सुटलीच. "मामी, पाणी बाहेरून कुणी ओतलं न्हाई, ते आवळ्यातलंच आहे. साखर जिकडं जास्त, तिकडं पाणी ओढलं जातं. आवळा म्हणजे पाण्यानं भरलेल्या बारीक बारीक पिशव्या. पिशवीच्या पडद्यातून पाणी झटकन जातं, पण साखरेला आत शिरायला वेळ लागतो. तुम्ही एकदम घट्ट पाक दिला, साखर आत यायच्या आधीच सगळं पाणी बाहेर पळालं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी टाकलं की पाणी सुटतं, ते हेच."

"अगं बाई! आपल्या मोसंबीच्या रोपाला खत जास्ती झाल्तं, तर ओल्या रानात सुकून गेल्तं. ते बी असंच का?"

"बिलकुल असंच! मातीत खाराचा जोर वाढला की मुळीला पाणी ओढता येत न्हाई, उलट तिचंच जातं." मोनालीच्या आवाजात चक्क उड्या होत्या. "आणि मामी, न ढवळता चहाच्या तळाशी साखर टाकून ठेवा. बऱ्याच वेळानं वरचा घोटसुद्धा गोड लागतो. साखर आपल्या पायानं सगळीकडं पसरत जाते. फक्त तिला वेळ द्यावा लागतो."

वीस मिनिटं झाली. इतका वेळ ही मुलगी या घरात सगळे दिवस मिळूनही बोलली नव्हती. दुर्गाबाई फोन कानाला घट्ट दाबून, तोंड उघडं टाकून ऐकत होत्या.

"मंग आता टाकून देऊ का गं?"

"टाकू नका. धुवून कोमट पाण्यात ठेवा, बरेचसे फुगतील. मग अगदी पातळ पाक. रोज पाक तेवढा काढून थोडा आटवायचा, थंड करून परत ओतायचा. एकदम गोड अंगावर ओतलं ना मामी, की आत काही जात न्हाई. आतलं होतं तेच निघून जातं."

मोनाली आवळ्यांबद्दलच बोलत होती. बहुतेक.

फोन ठेवून दुर्गाबाई पातेल्यासमोर बसल्या. सहा साड्या, तो शिरा, न्हाणीचं दार, सगळं त्यांना एकदम दिसलं आणि त्या स्वतःशीच खो खो हसत सुटल्या. हसता हसता केव्हा रडायला लागल्या त्यांनाही समजलं नाही. "लेकराला सुपारी केलं म्या," त्या झुंबरबाईंना म्हणाल्या.

मग सुरू झाले आठ दिवस, आणि त्या आठ दिवसांत दुर्गाबाईंचे जे हाल झाले ते शत्रूचेही होऊ नयेत. रोज सकाळी एकच फोन करायचा आणि फक्त आवळ्यांचं बोलायचं, असा त्यांनी नेम धरला. "कधी येतीस?" जिभेवर यायचं, त्या गिळायच्या. तिसऱ्या दिवशी "बाळसं धरून राह्यलेत" असा निरोप गेला तेव्हा मोनाली खळखळून हसली. पाचव्या दिवशी तिनेच विचारलं, "मामी, तुम्ही जेवलात का?" त्या आनंदात दुर्गाबाई पाक आटवायचा विसरल्या. सातव्या दिवशी सकाळी फोनच केला नाही, ओसरीचा खांब घट्ट धरून बसल्या. दहा वाजता वाटूरहून फोन आला: "आज कसे आहेत?"

भोगीच्या दिवशी त्यांनी एक आवळा फोडून चाखला. बीपर्यंत मुरला होता, मऊ, रसाळ, झक्कास. बरण्या धुवून ठेवल्या, आणि तेवढ्यात दारात पिशवी घेऊन मोनाली उभी.

दुर्गाबाईंच्या पायांनी तीन पावलं टाकलीसुद्धा. ती त्यांनी मागे घेतली. तांब्या भरून दिला आणि म्हणाल्या, "बस." एकच शब्द. घाम फुटला त्यांना.

मोनाली पाणी प्यायली, सरळ पातेल्यापाशी गेली, एक आवळा तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश खाल्ला.

"कच्चा आहे, मामी," ती म्हणाली. "रथसप्तमीपर्यंत तरी लागेल. हळदीकुंकू तेव्हाच ठेवू. आणि रोज पाक बघायला कुणीतरी पाहिजे, तर मी आता इथंच आहे."

दुर्गाबाईंनी त्या मुरलेल्या, रसाळ, झक्कास आवळ्यांकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "बिलकुल कच्चा हाय."