मापात बसलेली फौज

युद्धात आमच्या घराण्याचा सहभाग एवढाच, की चाळीस सैनिकांचे गणवेश आम्ही शिवले. युद्ध सिनेमातलं होतं. एका विनोदी कन्नड कादंबरीवरच्या सिनेमाचं शूटिंग आमच्या गावाबाहेर, बोगादीपलीकडच्या माळावर व्हायचं होतं. कथा अशी, की चिमुकल्या संस्थानाची फौज लढायला निघते आणि सगळ्यांचे गणवेश सेनापतीच्या एकाच मापाने शिवलेले असतात. उंचांच्या विजारी पोटरीवर, बुटक्यांच्या बाह्या गुडघ्यापर्यंत. निम्मी गंमत त्यातच.

कादंबरी मी वाचली होती आणि हे काम अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मीच मिळवून दिलं होतं. अण्णांनी पन्नास वर्षं शिंपीकाम केलेलं, कादंबरी एकही वाचलेली नाही. "एकाच मापाचे चाळीस" हा निरोप ऐकून त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. मग मला न सांगता टेप गळ्यात घालून ते माळावर गेले आणि सैनिक व्हायला एच. डी. कोटे या गावाहून आलेल्या चाळीसही जणांची छाती, कंबर, खांदा मोजून आले.

शूटिंगच्या आदल्या सकाळी फौज रांगेत उभी राहिली. काय सांगू! इतकी देखणी फौज खऱ्या राजानेही पाहिली नसेल. दिग्दर्शक मटकन खुर्चीत बसला.

"यजमानरे, ही माणसं युद्ध जिंकतील हो!" तो कन्नडमध्ये कळवळला.

"मग? हरायला शिवतात काय?" अण्णा म्हणाले.

"बिघडवा थोडे. हवं तर पडद्यावर तुमचं नाव देतो."

"विजारीचं आसन लोंबतंय, आणि खाली माझं नाव? अय्यो, त्यापेक्षा मला तोफेच्या तोंडी द्या!"

मी मध्ये पडलो. "अण्णा, विनोद आहे तो."

"तू सुम्ने गप्प रहा. विनोद तुमचा, शिवण माझी."

दिग्दर्शकाने दुसरा शिंपी बोलवायची भाषा केली, तेव्हा मात्र अण्णांचा चेहरा उतरला. आपली शिवण परक्याने उसवायची! ते रांगेसमोरून दोनदा फिरले. मग सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या सैनिकाला त्यांनी पुढे ओढलं.

"कपडे बदला. तू ह्याचे घाल, हा तुझे घालेल."

दोघे तंबूतून बाहेर आले आणि सेनापतीसकट सगळा माळ खो खो हसत सुटला. उरलेल्या अडतीस जणांनीही अदलाबदल केली. एक टाका उसवावा लागला नाही.

सिनेमा लागला त्या दिवशी थेटर हसून लोळत होतं. ताठ बसले होते एकटे अण्णा. शेजारच्या अनोळखी माणसाला कोपर मारून ते सांगत होते, "ती विजार त्याची नव्हेच हो. मागच्या त्या लठ्ठाची आहे. त्याला घालून बघा, चुणी सापडायची नाही."

"सार, सिनेमा बघू द्या," तो म्हणाला आणि अजूनच हसला.

दिग्दर्शकाने शब्द पाळला. शेवटी पडद्यावर अण्णांचं नाव आलं, तोवर लोक उठून दाराकडे निघाले होते. अण्णा खुर्चीवर चढले आणि त्या पाठमोऱ्या गर्दीला उद्देशून कन्नडमध्ये ओरडले, "मापं बरोबर होती! माणसं चुकलीत!"